नाईलकाठचं ऊन, लंडनचा पैसा

आमचा भाचा सौरऊर्जेच्या कसल्याशा यंत्रावर काम करतो. यंत्र चालतं, पण पैसे घालायला कुणी पुढे येत नाही, ही त्याची नेहमीची तक्रार. मी पडलो इतिहासाचा मास्तर, सल्ला काय देणार? गोष्ट मात्र सांगू शकतो.

फ्रँक शुमन हा अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. तारेची जाळी घातलेल्या काचेचं पेटंट त्याच्याकडे होतं, त्यामुळे खाऊनपिऊन सुखी. १९०७ साली त्याने उन्हावर छोटं इंजिन चालवून दाखवलं, १९११ मध्ये मोठं. अमेरिकेत पुरेसं भांडवल जमेना, तेव्हा त्याने लंडन गाठलं.

तिथे पैसा मिळाला, पण यंत्र सी. व्ही. बॉइज या भौतिकशास्त्रज्ञाच्या नजरेखालून गेलं. (साबणाच्या फुग्यांवर मुलांना व्याख्यानं देणारे तेच हे बॉइज!) शुमनच्या यंत्रात काचेच्या पेट्या आणि त्यांच्या बाजूंना आरसे होते. बॉइज यांनी सुचवलं, आरशांची लांबलचक पन्हळ करा, पाण्याची नळी तिच्या मधोमध टांगा आणि सगळं सूर्याबरोबर फिरू द्या. शुमनने ऐकलं. आपली लाडकी रचना परक्याच्या सांगण्यावरून बाजूला ठेवायची, हे सोपं नाही हो. मला तर या सगळ्या कथेत हेच सर्वांत मोठं वाटतं.

जागा ठरली इजिप्तमध्ये, कैरोजवळ मादी इथे. कोळसा विलायतेहून यायचा, म्हणून महाग. ऊन फुकट आणि कापसाला पाणी तर हवंच. पहिल्या खेपेला जस्ताच्या नळ्या उष्णतेने वाकल्या, मग बिडाच्या बसवल्या. १९१३ साली सुमारे २०० फूट लांबीच्या ५ पन्हळींनी नाईलचं पाणी उपसून दाखवलं. लॉर्ड किचनर (आपल्याकडे कर्झनशी भांडून गेलेले) इतके खूष झाले की सुदानात कापसासाठी ३०,००० एकर जमीन देऊ केली.

आणि १९१४ उजाडलं. महायुद्ध सुरू झालं, इंजिनियर मायदेशी परतले, यंत्र मोडीत निघालं. शुमन १९१८ मध्ये वारला. पुढे खनिज तेल स्वस्त झालं आणि उन्हाची कुणाला आठवण राहिली नाही.

जाता जाता, मुंबईतही १८७८ च्या सुमारास विल्यम अ‍ॅडम्स या सरकारी नोकराने कुलाब्याला आरशांच्या जोरावर अडीच अश्वशक्तीचं इंजिन चालवलं होतं. त्याने पुस्तकही लिहिलं, पण त्यातून कारखाना काही उभा राहिला नाही.

मादीसारख्याच पन्हळी पुढे कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात १९८४ पासून उभ्या राहू लागल्या. त्या उभारणारी लूझ कंपनी १९९१ साली दिवाळखोरीत गेली. वीजकेंद्रं मात्र नंतरही बरीच वर्षं चालू राहिली.