नंदिनी नगर आणि स्थलांतराची समकालीन कला

नंदिनी नगर : छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील, भिलाई पोलाद कारखान्याच्या चुनखडी खाणींची वसाहत. झोतभट्टीला चुनखडी इथली, लोहखनिज दल्ली-राजहराचे आणि कामगार देशाच्या नाना प्रांतांतून आलेले. कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार १९५५ मध्ये झाला, तेव्हा दुर्ग ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती. पहिली भट्टी १९५९ मध्ये पेटली. स्थलांतराची कला म्हटली की समुद्रापारच्या स्थलांतरितांचेच काम आठवते, म्हणून अशा गावाचा उल्लेख या विषयात सहसा येत नाही. पण इथे खनिज आधी हलते आणि माणसे त्याच्या मागोमाग : काही कामाला येतात, काही जमिनीवरून उठतात. बस्तरमधील बैलाडिल्याचे लोहखनिज १९६८ पासून विशाखापट्टणममार्गे जपानला जाऊ लागले. जमीन सरकारजमा करणारा १८९४ चा ब्रिटिश कायदा स्वतंत्र भारताने २०१३ अखेरपर्यंत चालवला. वसाहतकाळाचा वारसा तो आणखी कोणता?

या प्रदेशाचा कलेतून खोलवर विचार झाला तो दक्षिणेला, बस्तरमधील कोंडागाव येथे. मुंबईच्या चित्रकार नवजोत अल्ताफ (जन्म १९४९) यांनी १९९७ पासून राजकुमार कोर्राम, शांतीबाई व गेसूराम या स्थानिक कलाकारांबरोबर तिथे काम सुरू केले. त्यांच्या ‘नलपार’ या कामांत हातपंपांभोवतीची जागा नव्याने बांधली. घडा एका झटक्यात डोक्यावर घ्यावा लागू नये, म्हणून मध्ये टेकवायला कोनाडे केले आणि भिंती शिल्पांनी सजवल्या. ‘पिल्लागुडी’ ही मुलांसाठीची जागा त्याच प्रयत्नातली. ही तर समाजसेवा, यात कला कुठे, असा आक्षेप घेतला जातो. त्यामागे कला म्हणजे भिंतीवर टांगायची वस्तू असा समज आहे. कोंडागावात मात्र घडवणारे आणि पाणी भरणारे यांच्या बोलण्यातूनच कामाचा आकार ठरत गेला. समीक्षक ग्रँट केस्टर यांनीही या कामाचा विचार संवादातून घडणारी कला म्हणूनच केला. तरीही नलपारमध्ये स्थलांतर कुठे दिसते? चित्रविषय म्हणून दिसत नाही, हे मान्य. पण उठवून लावण्याची टांगती तलवार असलेल्या मुलखात गावातच राहणे सुकर करणारे बांधकाम हे विस्थापनाला दिलेले उत्तरच आहे. खाणीने पोखरलेली जमीन थेट समोर येते ती अल्ताफ यांच्या ‘सोल ब्रेथ विंड’ या दृश्यफितीत.

दुसरा आक्षेप जड आहे : शहरी कलाकाराचे नाव मोठे होते, आदिवासी सहकारी मात्र ‘कारागीर’च राहतात. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातील २०१८-१९ चे सिंहावलोकन अल्ताफ यांच्याच नावाचे होते, हे खरेच. मात्र शांतीबाई आणि कोर्राम यांचे काम वेगळे ओळखता येते, त्यावर स्वतंत्र लिहिता येते. ते लिहिण्याचे काम समीक्षेचे आहे. ते अपुरे राहिले याचा सगळा दोष सहयोगाच्या पद्धतीवर टाकणे योग्य नाही.