अक्कलदाढ काढताना भूल कोणती?

साधारणपणे १७ ते २१ या वयात अक्कलदाढ उगवते. जबड्यात जागा अपुरी असल्यास ती हाडात अडकते किंवा आडवी वाढते. दाढ काढण्याचा सल्ला मिळताच मुलाला भीती वाटते ती शस्त्रक्रियेची, तर पालकांना चिंता लागते ती भुलेची. म्हणूनच भुलेचे प्रकार समजून घेणे आवश्यक ठरते.

मुळात दाढ काढणे गरजेचे आहे का, हे आधी तपासावे. त्रास न देणारी निरोगी अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, असे ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २००० मध्ये स्पष्ट केले होते.

स्थानिक भूल : लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर केला जातो. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. वेदना होत नाहीत. दाब आणि आवाज मात्र जाणवतात. सरळ उगवलेल्या दाढेसाठी बहुधा एवढे पुरेसे असते.

नायट्रस ऑक्साइड : प्राणवायूत मिसळलेला हा वायू नाकावाटे दिला जातो. मन शांत होते आणि वायू थांबवल्यावर काही मिनिटांतच परिणाम ओसरतो. नाक चोंदलेले असल्यास मात्र त्याचा उपयोग होत नाही.

शिरेतून गुंगी : मिडाझोलामसारख्या औषधाने झोपाळूपणा येतो आणि पुढे प्रसंग फारसा आठवत नाही. या औषधाने वेदना थांबत नाहीत, त्यामुळे स्थानिक भूल द्यावीच लागते. मात्रा वाढल्यास श्वसन मंदावू शकते. खरा धोका हाच.

संपूर्ण भूल : खोलवर अडकलेल्या किंवा एकाच वेळी चार दाढा काढायच्या असल्यास, अथवा मुलाची भीती अनावर असल्यास हा पर्याय निवडला जातो. त्यासाठी सुसज्ज रुग्णालय आणि भूलतज्ज्ञ हवेतच.

दमा, लठ्ठपणा, झोपेत घोरणे, वाढलेले टॉन्सिल, औषधांची ॲलर्जी किंवा कुटुंबात कोणाला भुलेचा त्रास झाला असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये. गुंगी कोण देणार, दाढ काढली जात असताना केवळ रुग्णाच्या श्वासावर कोण लक्ष ठेवणार, पल्स ऑक्सिमीटर, प्राणवायू व आपत्कालीन औषधे जवळ आहेत का, हे पालकांनी निःसंकोच विचारावे. मोघम उत्तरे मिळाल्यास दुसरा सल्ला घेणे श्रेयस्कर.

शिरेतून गुंगी किंवा संपूर्ण भूल द्यायची असल्यास सर्वसाधारणपणे सहा तास आधी खाणे आणि दोन तास आधी पाणी बंद करावे लागते. दूध पाण्यात नव्हे, खाण्यातच मोडते. त्यानंतर २४ तास दुचाकी चालवू नये आणि मुलाला एकटे सोडू नये.

सर्वांत गाढ भूल म्हणजे सर्वांत चांगली भूल नव्हे. ज्या सौम्य पर्यायाने काम सुखरूप होते, तोच योग्य. निर्णय घेताना मुलालाही विश्वासात घ्यावे; भीती निम्मी तिथेच कमी होते.