कलम ३७७ आणि पुढाऱ्यांची हजेरी

शाळेत वर्षानुवर्षे हजेरी घेतलेल्या माणसाला एक गोष्ट ग्रंथांतून शिकावी लागत नाही. स्नेहसंमेलनाच्या दिवशी पट भरलेला असतो. श्रमदानाच्या दिवशी कोण आले हे पाहिले म्हणजे वर्गाची खरी ओळख पटते. इतिहास वाचतानाही मला हीच खोड लागली आहे. पुढाऱ्यांच्या भाषणांची कात्रणे मी बाजूला ठेवतो आणि त्यांचा हजेरीपट मागतो.

आज हा पट मागावयाचा आहे तो समलिंगी माणसांच्या हक्कांच्या प्रश्नावर. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु हा अंक ज्या घरांतून वाचला जाईल, त्यांतल्या काही घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी असे असतील, की जे आपल्याविषयीची ही एक गोष्ट सोडून बाकी सारे आईशी बोलतात. त्यांच्या बाजूने कोण उभे राहिले आणि कोण उभे राहिल्यासारखे दिसले, हे पाहणे दिवाळीतही गैर नाही.

कायदा मूळचा आपला नव्हे. मेकॉलेसाहेबाच्या अध्यक्षतेखाली १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा झाला. १८६० साली त्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून तो लागू झाला. 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंधांना जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगणारे कलम ३७७ त्यातलेच. गंमत अशी, की ह्या विषयाची जितकी कमी चर्चा होईल तितके बरे, असे मेकॉलेने स्वतःच मसुद्यावरील टिपणात नमूद केले होते. खुद्द इंग्लंडने १९६७ साली आपला कायदा सैल केला. आपण मात्र पाहुणा गेल्यावरही त्याचे कुलूप जपून ठेवले, आणि चर्चा न करण्याचा त्याचा उपदेशही.

ह्या पटावर आपल्या महाराष्ट्रातली एक जुनी सही आहे. र. धों. कर्वे १९२७ पासून मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवीत. वाचकांच्या लैंगिक शंकांना ते आडपडदा न ठेवता उत्तरे देत, आणि त्या उत्तरांपायी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. समलिंगी संबंधांचा विषयही त्यांत आला होता. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पुणे करार होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. कोट्यवधी माणसांच्या हक्कांचा भार ज्याच्या शिरावर होता, त्या पुढाऱ्याला असल्या खटल्यातून एक माणूसही जोडला जाण्याची आशा नव्हती. लौकिकाला बट्टा लागण्याची भीती मात्र होती. ते कोर्टात उभे राहिले, हॅवलॉक एलिससारख्या शास्त्रज्ञाचा आधार त्यांनी घेतला आणि खटला हरले. कर्व्यांना दंड झाला. पण हजेरी लागली ती लागलीच.

आता साठ वर्षे पुढे येऊ. १९९४ ह्या एका सालात दोन गोष्टी घडल्या. दिल्लीत तिहार तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी कैद्यांना निरोध देण्यास नकार दिला, तेव्हा 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' ह्या लहानशा गटाने कलम ३७७ ला उच्च न्यायालयात पहिले आव्हान दिले. त्यांच्यामागे कोणताही मोठा पक्ष नव्हता. त्याच वर्षी मुंबईत दक्षिण आशियातील समलिंगी पुरुषांची परिषद भरावयाची होती. ती होऊ देऊ नये, अशी मागणी पंतप्रधानांकडे गेली. ती करणारी संस्था कोणी सनातनी नव्हती; भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या गोतावळ्यातील भारतीय महिला फेडरेशन होती. परिषद म्हणजे पाश्चात्यांच्या ऱ्हासकालीन संस्कृतीचे आक्रमण, असे तिच्या नेतृत्वाला वाटले. सर्व दलित-पीडितांच्या बाजूने आम्ही आहोत, असे म्हणणाऱ्यांच्या यादीत ही माणसे बसत नव्हती!

पुढे २००१ साली नाझ फाउंडेशन ही संस्था न्यायालयात गेली. तेथे सरकारने जे केले, त्याला मुलांच्या खेळातले 'तळ्यात-मळ्यात' एवढेच नाव शोभेल. गृहखाते म्हणाले, कलम हवे. आरोग्यखात्याखालील राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणाली, ह्या कलमाच्या धाकाने माणसे लपतात आणि रोग आटोक्यात येत नाही. एकच सरकार, एकच न्यायालय आणि प्रतिज्ञापत्रे दोन! अखेर २ जुलै २००९ रोजी न्या. अजित प्रकाश शहा व न्या. एस. मुरलीधर यांनी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या खासगी संबंधांना कलमातून मोकळे केले. शहा हे मूळचे सोलापूरचे.

सरकारने ह्या निकालाविरुद्ध अपील केले नाही. मित्रांना वाटले, हाच पाठिंबा. अपील इतरांनी केले. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकारचा एक वकील उठला आणि समलिंगी संबंध अनैतिक आहेत असे सांगू लागला. त्याच दिवशी गृहखात्याने हात झटकले आणि काही दिवसांनी दुसऱ्या वकिलाने वेगळीच भूमिका मांडली. ह्या धरसोडीवर न्यायमूर्तींनीही नाराजी दाखवली.

आणि ११ डिसेंबर २०१३ रोजी निकाल फिरला. त्यातला एक मुद्दा माझ्या मते साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. हे कलम गाळावे, अशी शिफारस विधी आयोगाने २००० सालीच १७२ व्या अहवालात केली होती. २०१३ साली संसदेने फौजदारी कायद्यात मोठ्या दुरुस्त्या केल्या, पण ह्या कलमाला हात लावला नाही. तेव्हा संसदेला ते बदलावयाचे नाही, असा अर्थ न्यायालयाने काढला. म्हणजे खासगीत सहानुभूती दाखवणारे पुढारी सभागृहात जे गप्प बसले, ते मौनच विरुद्ध पुरावा ठरले. निकालानंतर त्याच पुढाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली. आग लागल्यावर विहिरीची जागा दाखवणाऱ्यांची हळहळ ती.

२०१४ च्या निवडणुकीत काँग्रेस आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष ह्यांनी हा विषय जाहीरनाम्यात घातला. त्या दिवसांत माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला एकांतात विचारले, "सर, आमच्या बाजूचं कोण?" मी जाहीरनाम्यांचा उल्लेख केला. तो म्हणाला, "ते मीही वाचलंय, सर. मत द्यायची वेळ येईल तेव्हा यातले किती जण जागेवर असतील, तेवढं सांगा."

त्याचे उत्तर दीड-पावणेदोन वर्षांनी मिळाले. १८ डिसेंबर २०१५, शुक्रवार. काँग्रेसचे शशी थरूर यांनी कलम दुरुस्त करणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडू पाहिले. असे विधेयक नुसते मांडण्यास सहसा कोणी आडवे येत नाही. येथे आले. मतदान झाले : विरोधात ७१, बाजूने २४. सत्ताधारी पक्षाच्या अरुण जेटलींनी तीनच आठवड्यांपूर्वी, सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार करावा, असे जाहीरपणे म्हटले होते. पण विधेयक पडले ते त्यांच्याच पक्षाच्या मतांनी. आणि ज्या काँग्रेसने वचन छापले, तिचे ४४ उमेदवार निवडून आले होते. सर्व पक्षांचे मिळून २४ म्हणजे ह्या एका पक्षाच्या संख्येच्या जवळपास निम्मे. मार्च २०१६ मध्ये थरूर पुन्हा उभे राहिले. विरोधात ५८, बाजूने १४. पुन्हा उभे राहिल्याबद्दल त्या एका माणसाची हजेरी अवश्य लावावी.

६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने संमतीचे संबंध गुन्ह्यातून काढले. त्यावेळी सरकारने काय केले? निर्णय न्यायालयाच्या विवेकावर सोडला. निकालानंतर अभिनंदनाला मात्र गर्दी झाली.

विवाहाच्या प्रश्नावर तीच कथा पुढे चालू आहे. एप्रिल २०२२ मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी समलिंगी विवाहाला मान्यता देणारे खासगी विधेयक मांडले. परंतु खासगी विधेयक कायदा होण्याची आपल्या संसदेतील शेवटची घटना १९७० ची आहे. सरकारने न्यायालयात विरोध केला आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, हे काम संसदेचे, असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली आणि ३७७ संपूर्ण वगळले गेले. त्याबरोबर प्रौढ पुरुषावरील लैंगिक बळजबरीला शिक्षा देणारी तरतूदही गेली. संसदीय समितीने तेवढा भाग ठेवावा असे सुचवले होते. ज्याचे नाव काढण्यास सारे लाजतात, त्याचे रक्षण असेच निसटते.

पुढारी दुष्ट असतात म्हणून हे घडते, असे मी म्हणणार नाही. ते हिशेबी असतात. ह्या माणसांची मते थोडी आणि विखुरलेली. त्यांच्यासाठी उभे राहिल्याचा तोटा आज, फायदा उद्या किंवा कधीच नाही. म्हणून शब्द स्वस्तात देता येतो. त्यावर उपाय रुसून बसणे हा नव्हे, भाबडेपणा तर नव्हेच. पक्षाचा रंग न पाहता प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : किंमत मोजावी लागली त्या दिवशी आपण कोठे होता?

असे विचारले, की काही मित्र खरे उतरतात. 'व्हॉइसेस अगेन्स्ट ३७७' ही महिला व बालहक्क संघटनांची आघाडी दिल्लीच्या खटल्यात स्वतःहून पक्षकार झाली; १९९४ च्या पत्रापासून चळवळ किती शिकली, हे त्यावरून दिसते. मानसोपचारतज्ज्ञ पुढे आले आणि हा आजार नव्हे, असे त्यांनी शपथेवर सांगितले. आणि सर्वोच्च न्यायालयात समलिंगी मुलामुलींचे आईबाप आले. त्यांना निवडणूक लढवावयाची नव्हती. आमची मुले गुन्हेगार नाहीत, एवढे सांगण्यासाठी त्यांनी आपली नावे सरकारी कागदावर घातली.

पुढाऱ्याचे गणित अखेर अशाच घरांतून बदलते. ज्या दिवशी मत मागावयास आलेल्या उमेदवाराला ओसरीवर बसलेली आई हा प्रश्न आपणहून विचारील, त्या दिवशी लोकसभेतील तो आकडा २४ राहणार नाही.