सुट्या भागांची सायकल



मुंबईच्या दक्षिण टोकाला कफ परेड नावाचा भाग आहे. समुद्रात भराव घालून केलेली ही जमीन. तिच्यावर आज उंच उंच इमारती उभ्या आहेत. पण त्या इमारतींच्या पायाशी, पाण्याला लागून, मासेमारीवर जगणाऱ्यांची एक वस्ती आहे. तिचे नाव मच्छीमार नगर. किनाऱ्याला होड्या, कुठे पसरलेली जाळी, कुठे वाळत घातलेली मासळी, असे तिथले दृश्य.

कल्पना करा, अशा वस्तीत घराच्या पायरीवर सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा बसला आहे. समोर सायकलची जुनी फ्रेम उलटी ठेवली आहे. शेजारी दोन न जुळणारी चाके आहेत, आणि पत्र्याच्या डब्यात होडीच्या इंजिनाचे थोडे डिझेल घेऊन त्यात त्याने छर्रे भिजत टाकले आहेत. त्याला डोंगरी सायकल हवी आहे. रुंद टायरची, गिअरची. पहाटे ससून डॉकवर जायचे, तिथून परत येऊन कॉलेज गाठायचे, आणि सुटी मिळाली की मित्रांबरोबर घाट चढायचा, असा त्याचा बेत. दुकानात किंमत विचारली आणि तो मुकाट्याने परत आला. आता तो सायकल जोडतो आहे. जाणारायेणारा म्हणतो, “अरे, भंगारातून कुठे सायकल होते का?”

होते का? आजच्या भाषणात या प्रश्नाचे उत्तर मी इतिहासाला विचारणार आहे.

पहिली गोष्ट ही, की सायकल नावाचे यंत्र कोणा एका माणसाने एका दिवशी शोधलेले नाही. ते जन्मले तेच मुळी सुट्या भागांतून. मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड याने १८८० साली रोलरची साखळी केली. कॉव्हेंट्री गावच्या जॉन केंप स्टार्ली याने १८८५ साली ‘रोव्हर’ नावाची सायकल बाजारात आणली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती आणि मागचे चाक साखळीने फिरत होते. तीन वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला टायर तयार केला. साखळी एकाची, सांगाडा दुसऱ्याचा, टायर तिसऱ्याचा! या तिघांच्या कामांचा संगम झाला तेव्हा कुठे आजची सायकल उभी राहिली.

पुढची पायरी याहून महत्त्वाची आहे, बरं का. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे ज्याला आपण बीएसए म्हणतो, तो मूळचा बंदुकांचा कारखाना. बंदुकीचा एक भाग काढून दुसरा बसवला तर तो तंतोतंत बसला पाहिजे, ही शिस्त त्या कारखान्याच्या अंगात भिनलेली होती. १८९३ पासून त्याने सायकलचे हब आणि इतर सुटे भाग करून विकायला घेतले. मग गावोगावचे छोटे कारागीर ते भाग विकत घेत आणि आपल्या दुकानात सायकली जोडत. म्हणजे सायकलच्या मायदेशातसुद्धा सुट्या भागांतून सायकल जोडणे ही कमीपणाची गोष्ट नव्हती. तो प्रतिष्ठेचा धंदा होता. आणि तो चालला कशावर? मापांवर. सायकल लोकांची झाली ती मापांमुळे.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. आपल्याकडे सायकल आली ती बोटीने, साहेबाची वस्तू म्हणून. पण मुंबईच्या तरुणांनी तिला फार लवकर आपलेसे केले. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या प्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी प्रवास पुरा केला आणि १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईला परतले. साडेचार वर्षांना थोडेसे कमी, आणि अंतर सुमारे ७१ हजार किलोमीटर. इराण आणि इराक ओलांडून, सिनाईचे वाळवंट तुडवीत, पुढे युरोप, अमेरिका आणि जपान असा त्यांचा मार्ग होता. वाळवंटात सायकलचे दुकान नसते. जो आपले यंत्र खोलू आणि जोडू शकतो, तोच अशा वाटेने पार होतो.

तरीही तोवर सायकल परदेशीच होती. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स हा कारखाना १९३९ साली निघाला. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. स्वातंत्र्यानंतर मद्रासकडे टीआय सायकल्स आणि बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले हे कारखाने उभे राहिले. पण आपल्या विषयाला सर्वांत जवळची कथा आहे लुधियान्याची. मुंजाल बंधू आताच्या पाकिस्तानातील कमालिया गावचे. त्यांनी सुरुवात केली ती सायकलच्या सुट्या भागांच्या व्यापाराने. मग ते एकेक भाग स्वतः करू लागले, आणि १९५६ साली ‘हिरो’ नावाची पुरी सायकल त्यांनी बाहेर काढली. पुढे १९८६ साली जगातला सर्वांत मोठा सायकल कारखाना म्हणून त्याची नोंद झाली. आधी भाग, मग सायकल, हा क्रम ध्यानात ठेवा. वरळीच्या हिंद सायकल्सचे नशीब मात्र निराळे. तो कारखाना आणि सेन-रॅले हे दोन्ही १९८० साली कायदा करून सरकारला ताब्यात घ्यावे लागले. आज वरळीला सायकली होत नाहीत.

कारखाने आले आणि गेले, पण खेड्यापाड्यांत सायकल जिवंत ठेवली ती दुकानदार मिस्त्रीने. तासावर भाड्याने सायकल देणारे ते दुकान आठवते ना? बाहेर पाण्याची परात, आत भिंतीला टांगलेल्या रिमा, आणि हातात पाना घेतलेला मिस्त्री. चाकाचा आउट काढताना तो एक डोळा मिटून रिमकडे बघत असे. एका सायकलचा चिमटा, दुसरीचे हँडल, तिसरीचे चाक घेऊन तो चौथी सायकल उभी करीत असे, आणि ती चालत असे. कित्येक शिक्षकांनी अशाच सायकलीवरून वर्षानुवर्षे शाळा गाठली.

आणि आता थोडे दूर जाऊ. ज्या डोंगरी सायकलीसाठी मच्छीमार नगरचा आपला मुलगा झुरतो आहे, ती कुठून आली? एखाद्या मोठ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतून? मुळीच नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. १९७० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या तरुणांनी श्विन कंपनीच्या १९३० ते ४० च्या सुमारच्या जुन्या, वजनदार सायकली अडगळीतून काढल्या. मडगार्ड काढून टाकले, मोटारसायकलचे ब्रेकचे दांडे बसवले, दुसऱ्या सायकलींचे गिअर जोडले, आणि डोंगरावरून खाली सोडल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी एका कच्च्या उतारावर पहिली शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरांच्या आत सुमारे ४०० मीटर उतार! जुन्या सायकलीचा ब्रेक मागच्या हबच्या आत असे. तो उतारावर इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि दर फेरीनंतर हब खोलून नवे ग्रीस भरावे लागे. यावरूनच त्या शर्यतीचे नाव पडले ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरा.

त्या मंडळींपैकी जो ब्रीझ याने १९७७ साली या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली. १९७९ साली गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याच्या फ्रेमी घेऊन विक्री सुरू केली. १९८१ मध्ये ‘स्टंपजंपर’ नावाची सायकल कारखान्यातून मोठ्या संख्येने निघू लागली, आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलीची शर्यत झाली. अडगळीत सुरू झालेली वाट अशी वीस वर्षांत ऑलिंपिकपर्यंत पोहोचली. मग सांगा, पायरीवर बसलेला तो मुलगा काही वेगळे करतो आहे का? तो नक्कल करीत नाही. डोंगरी सायकल जिथून सुरू झाली, तिथूनच तो सुरुवात करतो आहे.

परंतु इतिहासाचा दाखला देऊन मी त्याला खड्ड्यात घालणार नाही. माझी स्वतःची एक आठवण सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक जुनी सायकल स्वस्तात घेतली. चिमट्यावर ताजा रंग होता, आणि रंगाखाली वेल्डिंगचा जोड होता. उतारावर तो जोड सुटला. दोन दात गेले, एक मनगट मोडले, आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट डॉक्टरांना द्यावे लागले. म्हणून सांगतो, काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही, हे कळले पाहिजे.

फ्रेम जुनी चालेल, पण हँडलखालच्या नळीजवळ आणि जोडांजवळ तडा नाही हे रंग खरवडून पाहावे. सीट, पेडल, हँडल जुने चालेल. चिमटा, ब्रेकचे रबर, ब्रेकच्या तारा आणि टायर मात्र नवेच घ्यावेत. झटके शोषणारा स्प्रिंगचा चिमटा स्वस्तात मिळाला तरी मोहात पडू नये. तो जड असतो आणि लवकर खिळखिळा होतो. रीपॅकची पहिली मंडळी साध्या, ताठ चिमट्यावरच उतरली होती. लोखंडी रिमवर पावसात ब्रेक लागत नाही, हा अनुभव आपल्या सर्वांना आहे. ॲल्युमिनियमची रिम तिथे जास्त भरवशाची.

आणि मापे! टायरवर ‘२६’ लिहिले आहे म्हणून तो बसेलच असे नाही. डोंगरी सायकलच्या २६ इंची टायरची बैठक ५५९ मिलिमीटरची, तर २६ बाय १⅜ या टायरची ५९० मिलिमीटरची. आकडा एकच, पण एक दुसऱ्यावर चढणार नाही. गिअरच्या मागच्या हबला बहुधा १३५ मिलिमीटर जागा लागते. आपल्या साध्या काळ्या सायकलच्या फ्रेममध्ये तेवढी नसते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. हे ज्याला ठाऊक नाही, तो जोर लावून आटे मारतो आणि क्रँक फुकट घालवतो. जिथे मापे जुळतात तिथे पैसे वाचतात. जिथे जुळत नाहीत तिथे हातोडा वापरला, तर पैसेही जातात आणि हाडेही.

समुद्रकाठच्या घरात आणखी एक वैरी असतो, खारा वारा. तो साखळी खातो, छर्रे खातो. सीटची दांडी फ्रेममध्ये अशी धरून बसते, की पुढे हलत नाही. म्हणून दांडी बसवतानाच तिला ग्रीस लावावे. सायकल गोड्या पाण्याने धुवावी, पुसून कोरडी करावी, मग साखळीला तेल द्यावे. हे कोळ्याच्या मुलाला शिकवायची गरज नाही म्हणा! होडी एकाने बांधलेली, इंजिन दुसरीकडचे, जाळे घरी दुरुस्त केलेले, आणि त्या साऱ्यांवर रोजची निगा. त्याचे घर पिढ्यान्‌पिढ्या असेच चालले आहे.

शेवटी शिक्षक मित्रांना एक विनंती. शाळेच्या आवारात एखादी मोडकी सायकल पडलेली असतेच. ती मुलामुलींकडून एकदा खोलून घ्या. प्रत्येक भाग पुसून मांडा, त्याचे माप वहीत लिहायला लावा, आणि मग ती पुन्हा जोडून घ्या. छर्रे मोजून ठेवा, नाहीतर एक हमखास हरवतो. आणि जोडून झाल्यावर, कोणालाही तिच्यावर बसवण्याआधी, तिचा ब्रेक तुम्ही स्वतः लावून पाहा.