मोरीचा बोळा

‘मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा’ ही म्हण आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा तिचा अर्थ ठरलेला असतो : क्षुल्लकाची काळजी आणि महत्त्वाच्या गोष्टीची हेळसांड. मात्र मोरीला बोळा मुळात लावायचाच कशाला, हे आता समजावून सांगावे लागते. कारण भिंतीतल्या भोकातून थेट बाहेर वाहणारी मोरी बहुतेक विद्यार्थ्यांनी पाहिलेली नसते. म्हणीमागचे घर नाहीसे झाले की म्हण केवळ पाठांतराची उरते. त्या मोरीचा, आणि ती तुंबल्यावर मोकळी करणाऱ्या हातांचा इतिहास येथे थोडक्यात मांडावा, असा आमचा मानस आहे.

जुन्या घरात न्हाणी परसदारी असे आणि भांड्यांची मोरी स्वयंपाकघराच्या कडेला. फरशीला उतार, भिंतीच्या तळाशी भोक आणि भोकापलीकडे चर. त्या चरातून सांडपाणी अळूच्या वाफ्याला, केळीला किंवा माडाच्या आळ्याला जाई. भांड्यांना राख, केसांना शिकेकाई, अंगाला डाळीचे पीठ. पाणी साचलेच तर खराट्याचा हीर किंवा काठी भोकातून फिरवली की वाट मोकळी होई. तुंबण्याचे कारण, उपाय आणि परिणाम हे सारे एकाच अंगणात दिसत असे. रात्री मात्र त्याच भोकातून उंदीर, घुशी, प्रसंगी सापही आत शिरत. म्हणून चिंध्यांचा बोळा. या चित्राला स्मरणरंजनाचा रंग देण्याचे कारण नाही. घरातली मोरी घरच्या बाईने काढायची आणि गावाची घाण कोणी उचलायची हे जातीने ठरवायचे, हीदेखील त्याच घराची व्यवस्था होती.

मुंबईत १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने आले, आणि पाणी जितके सहज आत आले तितके ते सहज बाहेर जाईना. १८९६मध्ये प्लेग उद्भवला तेव्हा दोष प्रथम घाणेरड्या हवेला आणि तुंबलेल्या गटारांना देण्यात आला. गटारांतून जंतुनाशके सोडण्यात आली. १८९८मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यकाने कराचीत प्रयोग करून उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवले. ज्या उंदरासाठी घरोघरी मोरीला बोळा बसत होता, तोच रोगाच्या साखळीतला दुवा निघाला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे चाळी बांधल्या. परसदार गेले, अळूचा वाफा गेला, आणि मोरी खोलीच्या कोपऱ्यात आली. आता तिचे पाणी कुठे जाते हे घरातून दिसेनासे झाले.

चिंध्यांच्या बोळ्याची जागा कालांतराने पाण्याच्या बोळ्याने घेतली. लंडनचे घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली शौचकूपाच्या पेटंटमध्ये नळीला वाक दिला. त्या वाकात थोडे पाणी कायम साचून राहते आणि गटारातली दुर्गंधी व वायू घरात येऊ देत नाही. सिंकखालचा वाक हे त्याचेच रूप. न्हाणीघराच्या जमिनीत जो बसवतात त्याला आपल्याकडचे प्लंबर आणि स्थापत्याची इंग्रजी क्रमिक पुस्तकेही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. घरातला एक जुना शब्द अभियांत्रिकीच्या परिभाषेत असा शाबूत राहावा, याचे भाषेच्या अभ्यासकांना अप्रूप वाटायला हवे.

परंतु अडवण्यासाठीच घडवलेली वस्तू इतर गोष्टीही अडवते. राख आणि शिकेकाई गेली, साबण आला. कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो. त्यात केस गुंततात, फोडणीचे तेल थिजते, चहाचा चोथा बसतो. यावर लोक उकळते पाणी ओततात. तेल वितळते आणि पुढच्या थंड नळीत पुन्हा थिजते. कॉस्टिक सोडा चरबीचा साबण करतो, केसही विरघळवतो. मात्र तो अंगावर उडाला तर कातडी भाजते, आणि वाट मोकळी झाली नाही तर तो वाकातच दबा धरून राहतो. पुढे जो तो वाक उघडतो, त्याच्या हातावर तो सांडतो. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीनसारखा विषारी वायू सुटतो. त्यामानाने जाळी उचलून केसांचा गुंता तारेने वर ओढणे, भोकावर थोडे पाणी ठेवून रबरी पंप मारणे, खाली बादली ठेवून सिंकचा ट्रॅप फिरवून काढणे, हे उपाय किळसवाणे असले तरी प्रामाणिक आहेत. त्यात घाण पुढे ढकलली जात नाही. ती ज्याची त्याच्या हाती येते.

आमच्या मते या इतिहासाचा गाभा येथे आहे. आधुनिक घराने तुंबणे संपवले नाही; ते नजरेआड केले. ज्या लंडनमध्ये तो वाक जन्मला, तिथेच २०१७ साली व्हाइटचॅपलच्या गटारात चरबीचा आणि ओल्या पुसण्यांचा सुमारे १३० टनांचा, २५० मीटर लांबीचा गठ्ठा सापडला. तो असंख्य सिंक आणि शौचकूपांतून थोडाथोडा आलेला होता. आपल्याकडे या ‘पुढे’ला जातही असते. मुल्कराज आनंद यांच्या ‘अनटचेबल’ (१९३५) या कादंबरीच्या अखेरीस बाखाच्या कानी एक आशा पडते : फ्लशचे यंत्र येईल आणि मैला उचलण्याचे काम संपेल. यंत्र आले, माणूस मात्र टोपलीपासून मॅनहोलपर्यंत सरकला. १९९३चा कायदा झाला, २०१३चा झाला. गटारात उतरून दगावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये सांगितले. २०२३मध्ये ती रक्कम तीस लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागली, याचाच अर्थ मृत्यू थांबले नव्हते.

१९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धन यांनी सफाईचे काम आपल्याला मिळावे अशी मागणी केली. ते काम जातीनुसार वाटले जात असल्याने त्यांना नकार मिळाला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी उपवास आरंभला. घाण साफ करण्याचा हक्क मागावा लागतो, हा प्रसंग आजच्या विद्यार्थ्याला चमत्कारिक वाटेल. पण त्या मागणीत एक साधे गृहीतक होते : जी घाण आपण करतो, तिच्याशी आपल्या हाताचा संबंध तुटता कामा नये.

कढईतले उरलेले तेल कागदाने पुसून कचऱ्यात टाकणे, जाळीवरचे केस स्वतः काढणे, महिन्यातून एकदा सिंकखालचा वाक स्वतः उघडणे ही कामे फार मोठी नाहीत. त्यांनी जातिव्यवस्था हलणार नाही, हे आम्ही जाणतो; मॅनहोलवर यंत्रे आणि सुरक्षा मागण्याचे काम त्यामुळे टळत नाही. तथापि आपल्या मोरीतून काय पुढे जाते हे ज्याने हाताने पाहिले आहे, त्याला रस्त्यावरचे उघडे झाकण ओलांडताना खाली कोण उतरले आहे, हे विचारावेसे वाटण्याची शक्यता अधिक आहे.