खांब, वस्ताद आणि पडदा

उभ्या खांबावर देह तोलण्याची विद्या आम्हां महाराष्ट्रीयांस नवी नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाचा पुनरुद्धार केला व शिष्यपरंपरेनें तो आखाड्याआखाड्यांत पसरला. १९३६ ते १९४९ या काळांत बडोद्याहून निघालेल्या दहाखंडी व्यायाम-ज्ञानकोशानें व्यायामविद्या छापील पानांवर आणली. परंतु वस्तादाची गरज कांहीं सरली नाहीं.

पश्चिमेकडे पोलादी खांबावरील ‘पोल डान्स’ नाचघरांतून व्यायामशाळेंत आला. २००९ सालीं त्याचा आंतरराष्ट्रीय क्रीडासंघही स्थापन झाला. २०२० च्या महामारींत व्यायामशाळा बंद पडतांच त्याचे धडे घरोघरीं इंटरनेटवरून गिरविले जाऊं लागले. नाचघराचें नांव घेऊन नाक मुरडणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. येथें उघडी कातडीच खांबास धरून ठेविते. तोकड्या वस्त्रांचें हें कारण लंगोट कसणाऱ्या मल्लास सांगावयास नको.

आमची शंका निराळीच आहे. पडदा आकृति दाखवितो. पण उलटें होतांना पकड सुटली, तर सांवरणारा हात त्यांतून बाहेर येत नाहीं. म्हणून जमिनीजवळच्या पकडी पडद्यावरून खुशाल शिकाव्या. पायांनीं आकाश दाखविण्याचा पहिला धडा मात्र जवळ उभ्या असलेल्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखालींच घ्यावा.