गाव, शहर आणि इब्न खल्दून

वाचकहो, गाव आणि शहर यांतील फरक केवळ लोकसंख्येचा नाही. ट्यूनिस येथे १३३२ साली जन्मलेले इतिहासकार इब्न खल्दून यांनी १३७७ साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात हे दाखवून दिले. ग्रामीण व भटक्या जीवनात माणसे 'असबिया' म्हणजे परस्परांच्या आपलेपणाने बांधलेली असतात. शहरात हुन्नर व विद्या वाढीस लागतात; मात्र सुखसोयींबरोबर तो बंध सैल होतो. पुढे १९३८ साली शिकागोचे समाजशास्त्रज्ञ लुई वर्थ यांनी मोठी संख्या, दाट वस्ती आणि नाना तऱ्हेची माणसे यांवरून शहरी जीवन उलगडले. गावात आपली ओळख घराण्यावरून होते, शहरात कामावरून. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, शहरात जाण्यापूर्वी विद्या व हुन्नर मिळवा. आणि पालकहो, शेजारधर्म मुलांना घरीच शिकवा; शहरात त्याची गरज अधिक भासते.